ताटातलं पाणी

स्वयंपाकातली माझी कीर्ती अशी आहे, की बायको माहेरी निघाली की शेजारच्या बाई आपणहून डबा आणून देतात. त्यांना माझी दया येते अशातला भाग नाही, त्यांना इमारतीची काळजी वाटते. या कीर्तीचा पाया मी बाविशीत असताना दोह्यात घातला, एका शुक्रवारी, आणि तो इतका भक्कम घातला की पुढे त्यावर मजले चढवायला मला वेगळे कष्ट घ्यावे लागले नाहीत.

दोह्याच्या मदिनत खलीफा भागात आम्ही एका मोठ्या व्हिलाच्या पाठच्या अंगाला राहायचो. एक हॉल, एक खोली, आणि एक स्वयंपाकघर, ज्यात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला फ्रीज उघडता येत नसे. एसीची घरघर इतकी कायमची होती की वीज गेली तरच ती ऐकू यायची, म्हणजे ती थांबल्याचं ऐकू यायचं. बाहेर मात्र वेगळंच संगीत होतं. या देशाला फुटबॉलचा विश्वचषक भरवायला मिळाला होता, सामने अजून कित्येक वर्षं लांब होते, आणि त्यांच्या तयारीसाठी आख्खं शहर एकाच वेळी खणायला घेतलं होतं. पहाटेपासून ट्रक मागे घेतानाची टिंवटिंव, रस्ता फोडणाऱ्या ब्रेकरची धडधड, आणि सगळ्यावर बसलेली बारीक पांढरी धूळ. अब्बा रस्त्यांच्या एका कंत्राटदाराकडे सर्व्हेयर होते. संध्याकाळी बूट काढता काढता ते "आज एक राउंडअबाउट काढला" म्हणजे चौकातलं गोल बेट उखडलं, असं सांगायचे, दाताचा डॉक्टर घरी येऊन दाढेबद्दल सांगेल त्या सुरात. मी बी.कॉम.चा एक विषय मागे ठेवून आलो होतो आणि नोकरी शोधत होतो. शोधण्याची पद्धत अशी, की अकराला उठायचं आणि कुणाचा फोन आलाय का ते बघायचं.

घरातला खरा आवाज अम्मीच्या चुलीचा होता. चूल म्हणायचं आपलं, होती गॅसची शेगडी, पण अम्मी रत्नागिरीच्या खाडीकाठची, ती शेगडीलाही चूलच म्हणायची. शुक्रवारी जुम्मा आटपून आम्ही आलो की बड्याचं कालवण. आमच्याकडे गाईम्हशीच्या मटणाला 'बड्याचं' म्हणतात आणि बोकडाच्या मटणाला पाहुण्यांचं. आदल्या दिवशीच खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजून तिचं वाटप तयार असायचं. मटण जाड बुडाच्या पातेल्यात परतायचं, त्याला स्वतःचं पाणी सुटू द्यायचं, आणि मग पातेल्यावर झाकण म्हणून खोलगट ताट ठेवून त्या ताटात पाणी ओतायचं. खालच्या वाफेने ताटातलं पाणी कढत होतं, वरच्या पाण्याने आतली वाफ आतच पडते, आणि रस्सा आटला की तेच कढत पाणी आत सोडायचं. गार पाणी घातलं की मटण चिवट होतं, हा आमच्या खानदानातला सातवा कलमा होता. ताटातलं पाणी थरथरायला लागलं की अम्मी मला हाक मारायची, "सलीम, पाव आण." त्या थरथरीचा आणि पावाचा संबंध माझ्या पोटात इतका घट्ट बसलाय, की अजून चहाचं आधण हललं तरी माझा हात पायजम्याच्या खिशात सुट्टे चाचपतो.

आता स्लो कुकर. जवळच्या एका कंपाउंडमधलं इंग्रज कुटुंब देश सोडून निघालं होतं आणि त्यांनी अंगणात घरातलं सगळं विकायला मांडलं होतं. अब्बा तिथे गेले होते इस्त्री आणायला. आले ते हे धूड घेऊन. आत चिनीमातीचं जाडजूड भांडं, बाहेर विजेवर तापणारं कवच, वर काचेचं झाकण आणि एक बटण. "मंद आचेवर दिवसभर शिजवतं," अब्बा म्हणाले, "सकाळी लावून कामावर जायचं, आलं की तयार." अम्मीने त्याला एकदा सगळीकडून बघितलं. "सकाळी लावून मी कुठं जाऊ?" एवढंच विचारलं आणि त्यात कांदे-लसूण भरून ठेवले. त्या कामाला मात्र ते उत्तम होतं. कांद्यांना मोड येत नसत.

अम्मी भाचीच्या लग्नासाठी गावी गेली, आणि लग्न झालं तरी नव्या नवरीचं सगळं मार्गी लागेपर्यंत तिथेच राहिली. त्याच सुमाराला मोठे अब्बा निवृत्त झाले. मोठे अब्बा म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ. मेसईदला पोलादाच्या कारखान्यात वजनकाट्यावर होते. शहरभर जे खांब आणि पूल उभे राहत होते, त्यांच्या सळयांचे ट्रक त्यांच्या काट्यावरून बाहेर पडायचे. कंपनीच्याच घरात राहायचे आणि शुक्रवारी कंपनीच्या बसने दोह्यात यायचे. आमच्या घरापासून काही अंतरावर उतरायचे, दिवसभर दोस्तांकडे बसायचे आणि संध्याकाळी चारच्या बसने परत जायचे. आमच्याकडे येत नसत. सहा वर्षं झाली होती. दोन सख्खे भाऊ, वाळवंटातला एवढासा देश, आणि एकमेकांची खबर मिळायची ती गावाकडून फोन आला की.

कारण दादी. दादी वारली तेव्हा मोठे अब्बा रजेवर गावातच होते आणि अब्बा इथे. त्या काळी देश सोडायला आधी कफीलची, म्हणजे नोकरीवर ठेवणाऱ्या मालकाची, सही लागायची, आणि ती मिळेपर्यंत रात्र गेली. अब्बा मुंबईला उतरले, विमानतळावरूनच त्यांनी भावाला फोन केला, "मी आलोय, थांबा." पावसात गाडी हाकत ते मगरिबला, सूर्यास्ताच्या नमाजेला, गावात पोचले, तेव्हा दुपारीच दफन उरकलं होतं. आईचं तोंड बघायला मिळालं नाही. अब्बांनी ओटीवरच, लोकांसमोर, विचारलं, "का थांबला नाहीत?" मोठे अब्बा म्हणाले, "मय्यत थांबवायची नसते." यावर अब्बा जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, कारण ते माझे वडील होते आणि एरवी सभ्य गृहस्थ होते. मोठे अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि उलट एक शब्द काढला नाही. ती गोष्ट अब्बांना जास्त लागली. तेव्हापासून अब्बांच्या तोंडी 'भाई' हा शब्द नव्हता. 'ते' होतं.

गावाहून अम्मीने फोनवर सूत्रं हलवली. आधी अब्बांना म्हणाली, "भाई कायमचे निघालेत. रविवारी विमान हाय. शेवटच्या जुम्म्याला जेवायला बोलवा. बोलू नका हवं तर, जेवू घाला." मग फोन माझ्या हातात द्यायला लावला. "सलीम, नीट ऐक. त्यांना मी हो म्हणवलंय, कसं ते माझं मला ठाऊक. बड्याचं कालवण करायचं, दादीचं होतं तसं. वाटप फ्रीजरात हाय, निळ्या डब्यात. उपाशी उठले ना ते आपल्या घरातून, तर पुन्हा कुणी कुणाची पायरी चढायचं नाय. कळलं?"

"कळलं. मी काय लहान हाय का?"

"तेच तर," अम्मी म्हणाली.

गुरुवारी मी खाटकाकडे गेलो. पेशावरकडचा धिप्पाड माणूस होता. मी ऐटीत म्हणालो, सबसे अच्छा दो, हड्डीवाला, मेहमान आ रहा है. त्याने एक मांडी खाली उतरवली, तिच्याकडे जरा आदराने बघितलं आणि म्हणाला, "ये बुजुर्ग है भाई. इसको टाइम देना." मला वाटलं कौतुक करतोय.

शुक्रवारी पहाटेच्या फजरच्या नमाजेनंतर मी शेगडी पेटवली. कांदा परतायला घेतला, जेमतेम बदामी झाला, आणि आच निळ्याची पिवळी होऊन फुस्स करून गेली. सिलिंडर संपला होता. बदलायचं काम माझं होतं. अम्मीने जाताना सांगितलं होतं, आणि ते मी नोकरीसारखंच शोधत होतो. शुक्रवारी सकाळी गॅसचं दुकान उघडायचं नाही. अब्बा नमाज पढून पाठीमागे उभे. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "आता?"

मी म्हणालो, "स्लो कुकर." मी तेव्हा जगातल्या प्रत्येक अडचणीला पहिल्यांदा सुचेल ते उत्तर द्यायचो, आणि बावीस वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर असा आत्मविश्वास असतो की अनुभवी माणसंही फसतात. कांदे-लसूण टोपलीत ओतले, भांडं धुतलं. स्वयंपाकघरातला एक प्लग पूर्वीच जळाला होता आणि उरलेला भाताच्या कुकरला लागणार होता, म्हणून ते धूड हॉलमध्ये टीव्हीशेजारच्या स्टुलावर विराजमान झालं. अर्धवट परतलेला कांदा, आलं-लसूण, हळद-तिखट, मटण, सगळं आत. बटण 'लो'वर. वाटप शेवटी घालायचं म्हणून फ्रीजरातच राहू दिलं. इथपर्यंत, मी अजूनही म्हणतो, माझं काही चुकलं नव्हतं. काचेचं झाकण लावून मी तोंड धुवायला गेलो असतो आणि थेट नमाजेनंतर आलो असतो, तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

पण अम्मीचा फोन आला. "ताट ठेवलंस का वर?"

गॅस संपल्याचं तिला सांगायची माझी छाती नव्हती. "ठेवतोय, ठेवतोय."

"पाणी घाल त्यात. आणि रश्शात तेच पाणी सोड हां, गार घालशील तर मटणाची चप्पल होईल."

मी काचेच्या झाकणावर ताट ठेवून बघितलं. मधल्या मुठीवर ते डगमगायला लागलं. मग मी झाकण बाजूला ठेवलं आणि थेट भांड्यावर आमचं पितळी कल्हईचं ताट ठेवलं, त्यात तांब्याभर पाणी ओतलं. दिसायला ते इतकं आमच्या घरचं दिसलं की माझा ऊर भरून आला. थोड्या वेळाने बोट घालून बघितलं तर पाणी कोमट. कोमटला कढत समजून मी ते आत सोडलं आणि ताटात नवं पाणी भरलं. पुन्हा जरा वेळाने तेच. सकाळभर हे चाललं. ज्या यंत्राचं सगळं बळ म्हणजे मिणमिणती आच आणि बंद झाकण, त्याच्या डोक्यावर मी थंड पाण्याची पट्टी ठेवली होती, ताप आलेल्या पोराला ठेवतात तशी, आणि वर दर खेपेला झाकण काढून आतली होती नव्हती ती वाफ मदिनत खलीफाच्या हवेत सोडून देत होतो. जुम्म्याला निघण्यापूर्वी मी शेवटचा तांब्या भरला आणि अब्बांना म्हणालो, "मस्त होतंय."

मशिदीतून येऊन बसतो न बसतो तोच फोन वाजला. मोठे अब्बांनी माझ्याच फोनवर केला होता. ते टॅक्सीत होते.

"सलीम, मी तुमच्या राउंडअबाउटशी हाय. पण राउंडअबाउट कुठाय?"

मी फोनवर हात ठेवला. "अब्बा, राउंडअबाउट कुठाय म्हणतायत."

"काढला म्हणून सांग."

"काढला, मोठे अब्बा."

"काढला? एवढा मोठा? कुणी काढला?"

मी अब्बांकडे बघितलं. अब्बा छताकडे बघत म्हणाले, "मी."

"सरकारने," मी फोनमध्ये म्हणालो.

मग बराच वेळ अब्बा मला सांगत होते आणि मी फोनला सांगत होतो. सिग्नलवरून सरळ नको, तिथे डायव्हर्जन आहे, पिवळ्या ड्रमांच्या कडेने वळा. हे सगळे ड्रम अब्बांनी स्वतःच लावले होते. आपल्याच भावाला आपल्याच घरापासून वळवून लावणारा रस्ता आखायचा आणि मग फोनच्या एका बाजूला बसून तो दुसऱ्यामार्फत उलगडायचा, असा योग फार थोड्या सर्व्हेयरांच्या नशिबी येतो.

मोठे अब्बा आले ते पांढरा शर्ट, हातात बेकरीचा खोका. दाढी पूर्ण पिकली होती. सलाम झाला. हात हातात आले आणि लगेच सुटले. सोफ्याच्या एका टोकाला ते बसले, दुसऱ्या टोकाला अब्बा, आणि मधे मी, तारमास्तर.

"विचार त्यांना, पाणी हवं का," अब्बा म्हणाले.

"पाणी हवं का, मोठे अब्बा?"

"दे." मग त्यांची नजर स्टुलावर गेली. "हे काय लावलंय? लोबान?"

"जेवण हाय."

"टीव्हीच्या बाजूला?"

"गॅस संपला."

"अस्सं," मोठे अब्बा म्हणाले. टीव्हीवर कुठल्यातरी स्टेडियमचं चित्र दाखवत होते, अजून न बांधलेल्या. ते दोघंही त्याच्याकडे फार मन लावून बघायला लागले.

मी भात लावला, ताटं मांडली, पाव आणला, आणि वाढायला म्हणून वरचं ताट उचललं. आत एक शांत, तांबूस तळं होतं. काठोकाठ. वर तेलाचे दोनचार डोळे तरंगत माझ्याकडे बघत होते. चमच्याने एक तुकडा काढून दाबला तर तो उडी मारून परत आत गेला. खाटकाच्या त्या बुजुर्गांनी गुडघे टेकायला साफ नकार दिला होता.

काही बातम्या हळूहळू सांगायच्या असतात. मी म्हणालो, "कच्चं हाय."

अब्बा उठले. "मी हॉटेलातून घेऊन येतो."

"सलीम," मोठे अब्बा माझ्याकडे बघून म्हणाले, "हॉटेलात जेवायला मी मेसईदहून आलो नाय, सांग तुझ्या बापाला."

"मग शिजायला संध्याकाळ होईल. सांग त्यांना. चारची बस चुकेल." अब्बा जरा थांबले. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. "आणि सांग, थांबायची सवय नाही त्यांना."

हे काही मी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, ते दोन हातांच्या अंतरावर बसले होते. मला वाटलं, संपलं. आता ते उठणार, खोका इथेच राहणार, आणि रविवारी विमान. अम्मीला काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळवही सुरू केली होती, आणि तिच्यात सगळा दोष सिलिंडरचा होता.

मोठे अब्बांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "झाकण कुठाय ह्याचं? काचेचं? ते आण. मी थांबतो." आणि मग उठून त्यांनी भांड्यात डोकावलं. "या अल्ला. किती पाणी घातलंस? ह्यात म्हैस पोहेल, शिजायची नाय. आधी काढ पाणी."

मी वाटी आणि बादली आणली. वाटीने रस्सा काढून बादलीत टाकायला लागलो, आणि टाकताना मटणाचे तुकडेही जायला लागले. मोठे अब्बा म्हणाले, "तसं नाय. दे इकडं." त्यांनी बाह्या वर केल्या, माझ्या हातातून वाटी घेतली आणि तुकड्यांना धक्का न लावता, कडेकडेने पाणी उपसायला लागले. चार वाट्या, पाच वाट्या. मग त्यांचा हात मंदावला.

"असंच उपसत होतो," ते म्हणाले. बोलत होते बादलीशी. "आईच्या वेळी."

अब्बा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"जुलै होता. सकाळी पोरांनी खणायला घेतली, कमरेएवढी झाली आणि खालनं पाणी लागलं. खाडीची भरती होती. घमेल्यानं उपसलं, चौघं लागलो. जितकं काढू तितकं भरे. मौलवी म्हणाले, ओहोटी लागू दे, पाणी उतरेल, तेवढ्यात उरकून घ्या. पुढची भरती मगरिबला." आणखी एक वाटी बादलीत गेली. "तुझा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. चिखलात."

अब्बांच्या तोंडून आवाज आला तो सर्व्हेयरचा नव्हता. "मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? आईच्या कबरीत पाणी हाय म्हणून सांगू? फोनवर?" मोठे अब्बा पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडे वळले. "तू आलास, ओटीवर बोललास. मी म्हटलं, बोलू दे. माझ्यावर रागावशील, झोप तरी लागेल. ते डोळ्यांसमोर आलं असतं तर तीपण लागली नसती. मला कुठं लागते?"

मी बादली धरून उभा होतो. तिथून निघून जावं एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती, आणि आज वाटतं, नव्हती ते बरं. एरवी हा प्रसंग माझ्यापर्यंत अम्मीकडून आला असता, आणि अम्मी सांगताना रडली असती. मी जो बघितला तो असा होता: एक माणूस वाटी हातात घेऊन उभा, दुसरा दाराच्या चौकटीला टेकलेला, आणि स्टुलावर एक इंग्रज भांडं, अर्धं रिकामं.

मोठे अब्बांनी बटण 'हाय'वर केलं, काचेचं झाकण बसवलं आणि मला म्हणाले, "आता हात लावलास तर याद राख." ताट त्यांनी स्वतः आत नेऊन भिंतीला उलटं टेकवून ठेवलं. चार वाजले, म्हणजे वाजले असणार, कारण मोठे अब्बांच्या दोस्ताचा फोन आला, बस सुटतेय म्हणून. ते म्हणाले, "खलास, जाऊ दे तिला."

अस्रची, तिसऱ्या प्रहरची, नमाज आम्ही हॉलमध्येच पढलो. थोरले म्हणून मोठे अब्बा पुढे उभे राहिले. अब्बा क्षणभर घोटाळले आणि मग माझ्या शेजारी, त्यांच्या मागे, येऊन उभे राहिले. नमाजेअखेरचा सलाम फिरवून झाल्यावर कुणी उठलं नाही. चटईवर बसल्या बसल्याच अब्बांनी विचारलं, "नंतर सुकं झालं होतं?"

"मी स्वतः उतरलो," मोठे अब्बा म्हणाले. "हातानं चाचपून बघितलं. रेती टाकून घेतली खाली, जाड. मग उतरवा म्हटलं तिला. सुकं होतं."

"हातानं बघितलंत?"

"ह्या हातानं."

अब्बांनी मान हलवली. बराच वेळ ते हलवत राहिले, हिशेब जुळतोय का ते बघावं तशी. मग उठून आत गेले, नळ बराच वेळ वाहता ठेवला, आणि बाहेर आले ते बेकरीचा खोका उघडत. नानखटाया होत्या. दोघांनी एकेक घेतली. चहा विजेच्या किटलीत केला, त्यालाही माझ्या हातची चव होती.

कालवणाबद्दल इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. वाटप मी शेवटी घातलं ते अर्धं गोठलेलंच घातलं, त्यामुळे ते एका कोपऱ्यात ढेकूळ होऊन बसलं. मीठ सकाळी घातलं होतं, पण त्यातलं बरंचसं बादलीतून गेलं. कांदा तर बदामीच राहिला होता. दादीच्या कालवणाशी त्याचं नातं, मी आणि क्रिकेटचा भारतीय संघ यांच्यात जेवढं आहे तेवढं होतं. मी माझ्या मुलांना हे सांगतो तेव्हा ती म्हणतात, "बट बाबा, व्हाय डिडन्ट यू जस्ट ऑर्डर?" त्यांना समजावून सांगायचं मी सोडून दिलंय. कधीकधी रस्सा खरोखर जमतो माझा, तेव्हा कुणी असं बसून राहत नाही. दहा मिनिटांत जेवतात आणि आपापल्या फोनकडे जातात.

त्या दिवशी ऊन कलायला लागलं तसा हॉलमध्ये वास सुटला. खोबऱ्याचा नाही अजून, नुसत्या मटणाचा, जाड, संथ. दोघं भाऊ बोलत होते. काय बोलत होते ते फार मोठं नव्हतं. गावच्या मशिदीच्या मागचा फणस पडला की पाडला. दादी नव्या भाकरीचा पहिला तुकडा कुणाला द्यायची. यावर वाद झाला, दोघंही म्हणत होते, मला. मधेच अब्बा रस्त्याचं सांगायला लागले, इथला पूल कुठून कुठे जाणार, सळी किती लागणार, आणि मोठे अब्बा म्हणाले, "मी वजन केलंय त्याचं, मला सांगतोस?" आता कुणी मला 'सांग त्यांना' म्हणत नव्हतं. माझी नोकरी गेली होती, होती ती एकुलती.

काचेवर आतून पाणी साचून खाली ओघळत होतं. मी जवळ जाऊन बघितलं. तळं आटून रस्सा झाला होता, आणि हाडापासून मांस आपणहून सुटून बाजूला पडलं होतं. बुजुर्गांनी अखेर मानलं होतं. मी वाटप सोडलं, पुन्हा झाकण लावलं, ते मिसळेल या आशेवर कसाबसा थांबलो. मग ताटं परत पुसली, भात गरम केला आणि हॉलच्या मधोमध उभा राहून जाहीर केलं, "झालंय. मटण गळलंय. वाढू?"

कुणी उठलं नाही. सकाळपासून पोटात चहा आणि नानखटाईशिवाय काही नव्हतं, त्यांच्याही आणि माझ्याही. मी पुन्हा म्हणालो, "वाढू ना?"

"राहू दे अजून जरा," अब्बा म्हणाले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसले. "भाई, तुम्हीपण टेका नीट. आपल्याला कुठे जायचंय?"

रविवारचं तिकीट मोठे अब्बांच्या शर्टाच्या खिशात होतं, त्याची घडी मला बाहेरून दिसत होती. त्यांनीही पाय वर घेतले, उशी ओढून पाठीशी घेतली.

"कुठंच नाय," ते म्हणाले.